मेंढरं किती

"मेंढ्या किती?" शरणम्मा मॅडमनी कीबोर्डवरची नजर न उचलता विचारलं आणि माझी वाचाच बसली. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. मुलीचं नाव रेश्मा, वडिलांचं बिभीषण, गाव सांगोल्याच्या पलीकडं माळावरचं, जमीन कोरडवाहू, विहीर आहे पण नावाला. मी मुलीची आत्या, इथं सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते, अकरावी-बारावी ती माझ्याकडंच राहून शिकली. त्या विचारत होत्या, मी सांगत होते, त्या टाइप करत होत्या. मग हा प्रश्न आला. चाटी गल्लीतल्या त्या जुन्या इमारतीत मुलांना शिक्षणासाठी मदत देणाऱ्या ट्रस्टची कचेरी पहिल्या मजल्यावर आहे आणि खालच्या दुकानातल्या कोऱ्या कापडाचा, खळीचा वास जिन्यावाटे वर येत असतो. तो वास एकाएकी माझ्या नाकाला फार जाणवायला लागला. शरणम्मा मॅडम अक्कलकोटकडच्या, बोलण्यात कानडी हेल. थोडा वेळ वाट बघून त्या म्हणाल्या, अंदाजे सांगा की हो, अंदाजे चालतंय. कुठल्या पठारावर किती मिलिमीटर पाऊस पडतो हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगीन. पण हा अंदाज माझ्या तोंडून निघेना. मी रेश्माकडं पाहिलं. ती एकविसाव्या शतकातली, इन्स्टाग्रामवरची मुलगी, पण तीही खाली मान घालून बॅगेची चेन उघडझाप करत बसली होती. शेवटी मी म्हटलं, विचारून सांगते. मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की घरची मेंढरं माहीत नाहीत ती ही कसली आत्या.

मॅडमना काय सांगणार होते? आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, हे? मोजली तरी आकडा तोंडातून काढत नाहीत, हे? एम.ए., बी.एड. झालेल्या बाईनं असं म्हणायचं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं. मी असल्या गोष्टी मानत नाही. मांजर आडवं गेलं तर स्कूटी थांबवत नाही, अमावस्येला घराबाहेर पडते, नवऱ्यानं नवीन गाडीला लिंबू-मिरची बांधली ती मीच काढून टाकली. पण हे मानण्या-न मानण्याच्या खालचं काहीतरी होतं, जिभेच्या मुळाशी बसलेलं. आई, म्हणजे केराबाई, जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती म्हणायची, आकडा बोलला की खांडाला शेवट लागतो. खांड म्हणजे मेंढरांचा कळप. लहानपणी मी एकदा नवे शिकलेले आकडे दाखवायला वाघरीपाशी उभी राहून बोट नाचवत मोजायला लागले होते, तेव्हा तिनं धावत येऊन माझं बोट असं मुठीत धरलं की मला रडू फुटलं. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ते जाळं. संध्याकाळी आप्पा, माझे वडील, त्या जाळ्याचं तोंड उघडून उभे राहायचे आणि मेंढरं त्यांच्या पायांना घासत आत शिरायची. धूळ, लोकरीचा उबट वास, कोकरांचा कालवा आणि त्यात आप्पा नुसते बघत. ते मोजत नसत, बघत. बांडी आली, मोरी आली, काळतोंडी मागं राहिली आणि तिचं पोर कुठं तडमडलं, हे सगळं त्या बघण्यात. शेवटचं मेंढरू आत गेलं की आप्पा म्हणायचे, "भरलं." एखादं चुकलं असेल तर म्हणायचे, उणं हाय, आणि काठी घेऊन परत माळाकडं वळायचे. कोणतं उणं आहे ते त्यांना नावानिशी ठाऊक असायचं, पण किती आहेत हे त्यांना खरोखरच ठाऊक नसावं. आपण किती श्वास घेतो हे कुठं आपल्याला ठाऊक असतं?

घरी आल्यावर मी बिभीषणला फोन लावला. त्याला म्हटलं, अरे, आकडा लागतोय. तो म्हणाला, किती म्हंजे, हायत की. मी म्हटलं, हायत की असं अर्जात लिहिता येत नाही. तो म्हणाला, मग आप्पांस्नी इचार, मेंढरं त्यांच्या नावाची. आणि पलीकडून नुसता माळावरचा वारा ऐकू येत राहिला. मला त्याचा राग आला आणि रागाच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी शरणम्मा मॅडमचा फोन आला. समितीपुढं मुलाखत आहे, घरातल्या कर्त्या माणसाला घेऊन या, जनावरांचं त्यांच्याच तोंडून विचारतील, गेल्या साली काही लोकांनी खोटं सांगितलं म्हणून आता अशी पद्धत केलीय. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत राहिले.

कारण हा ट्रस्ट शेवटचा होता. रेश्माला मिरजेला फिजिओथेरपीला जागा मिळाली होती, स्वतःच्या गुणांवर. फीचं सरकारी शिष्यवृत्तीतून होणार होतं. पण वसतिगृह, खाणावळ, पुस्तकं, ते पांढरे कोट, यांचं काय? महिनाअखेरीपर्यंत वसतिगृहात नाव लागलं नाही तर जागा असून नसल्यासारखी, आणि बिभीषणनं आधीच एका स्थळाचा विषय दोनदा काढला होता. मुलगी हुशार आहे हे तो मानतो, पण त्याचा हात रिकामा आहे आणि रिकाम्या हाताच्या माणसाला स्थळं फार लवकर सुचतात. माझ्या घरी हप्ते, नवऱ्याची कंत्राटी नोकरी. जेवढं होईल तेवढं मी करणारच होते, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. दीड महिना मी आणि रेश्मा मदत शोधत फिरत होतो. एका कंपनीची योजना होती, ती फक्त इंजिनिअरिंगला. एका देवस्थानाची होती, ती त्यांच्याच तालुक्याला. एका संकेतस्थळावर सगळं भरून झाल्यावर कळलं की मुदत गेल्या वर्षीच संपली. बँकेतल्या माणसानं कर्जाचं फार गोड बोलून सांगितलं आणि शेवटी जामिनाचं विचारलं. दुपारच्या उन्हात स्कूटीवर मागं रेश्मा, मांडीवर फायली, आणि मला सारखं आमचं जुनं हिंडणं आठवायचं. पावसाळा सरला की आप्पा वाटेवरच्या माणसांना विचारत निघायचे, कुटं पडला पाऊस, कुटं चारा हाय, कोण रानात बसू देतंय. कुणी हाकललं तर रागवायचं नाही, पुढच्या रानात विचारायचं. मीही तेच करत होते, फक्त पायात सँडल होते आणि रानात बसू देता का याऐवजी निकष काय आहेत असं विचारत होते.

पण ज्यानं माझी वाचा बसली ते नुसतं आईनं मुठीत धरलेलं बोट नव्हतं. हा प्रश्न माझ्या आयुष्यात आधी एकदा येऊन गेला होता. मी दहावीला पहिली आले, हायस्कूलच्या सरांनी एक शिष्यवृत्ती शोधून काढली, आणि तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून आप्पा मला घेऊन तालुक्याला निघाले. त्यांनी लाल पटका नवा बांधला होता, खांद्यावर घोंगडं, पायात करकरणाऱ्या वहाणा. मी शाळेच्याच निळ्या स्कर्टात. कचेरीतले साहेब चांगले होते, त्यांनी आप्पांना बसा म्हटलं, आणि आप्पा खुर्चीच्या कडेवर, खुर्ची आपली नाही अशा बेतानं बसले. साहेबांनी जमिनीचं विचारलं, पाण्याचं विचारलं आणि मग विचारलं, मेंढरं किती? मला अजून ते दिसतं. आप्पांनी हात जोडले, डोळे मिटले आणि फार समाधानानं म्हणाले, "लई हायत. बिरुबाची किरपा." साहेबांनी पुन्हा विचारलं, लई म्हणजे किती, तर आप्पा हसून म्हणाले, मोजून सरायची न्हाईत, साहेब. साहेबांनी लिहून घेतलं. त्यांचा काय दोष? समोरचा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय की मला तोटा नाही. परतीच्या वाटेवर आप्पांनी मला उसाचा रस पाजला. एवढ्या मोठ्या साहेबानं आपल्या मेंढरांची विचारपूस केली याचा त्यांना आनंद झाला होता. पुढं शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली आणि सरांनी कारण सांगितलं, तेव्हा आप्पा म्हणाले, आरं, लई म्हटलं म्हून लई लिवायचं व्हय? मी त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नव्हते. माझं म्हणणं एवढंच होतं की एक आकडा सांगायला काय जात होतं यांचं.

नंतर कातरण आली. एकाची लोकर कातरायची तर दहा घरचे येतात, उद्या त्याच्याकडं हे जातात, आणि ज्याची कातरण त्यानं जेवू घालायचं, अशी आमची रीत. लिंबाखाली ओळीनं पुरुष बसलेले, गुडघ्यांत मेंढरू दाबून धरलेलं, कात्र्यांची चरचर, मेंढराच्या अंगावरून लोकरीचं अख्खं पांघरूण उतरतंय आणि खालून ते एकदम केविलवाणं, पोरकं दिसायला लागतंय. जेवणं चालू असताना आई वाढता वाढता थांबली आणि सगळ्यांच्या समोर, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "विजीला शिकायचं हाय. शिष्यवृत्ती न्हाय गावली." एवढंच म्हणाली. मागितलं काहीच नाही. ज्ञानबा म्हणून माझे एक चुलतचुलते होते, सगळ्यांत वयानं मोठे, ताकदीचे, फटकळ. त्यांनी हात धुतला, उठले, आपल्या खांडाकडं गेले आणि एक पाट आणून आमच्या मेंढरांत सोडली. पाट म्हणजे अजून न व्यालेली मादी. मग एकेक करत सगळे उठले. कुणी मोजलं नाही. मायाक्का नावाची विधवा होती, तिच्याकडं स्वतःचीच चार-दोन जनावरं, तीही उठली. संध्याकाळी आप्पा वाघरीच्या तोंडाशी उभे राहिले तेव्हा आत शिरणाऱ्यांत नवे चेहरे होते, त्यांना आमचा वाडा माहीत नव्हता, ती बावरून माघारी फिरत होती आणि आप्पा त्यांना चुचकारत होते. आपल्या मेंढरांत नवी मिसळली की बराच वेळ लागतो. सगळी आत गेल्यावर आप्पा नेहमीचं एक शब्दाचं बोलणं बोलले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ही तुजी. त्या दिवसापासून खांडातल्या त्या भागाला विजीची मेंढरं असं नाव पडलं.

त्यांच्यावर मी शिकले. सोलापूरचं कॉलेज, मुलींचं वसतिगृह, पत्र्याची पेटी, खाणावळीतली पातळ आमटी, सगळं त्या मुक्या जनावरांवर. दर टर्मला आप्पा यायचे. फाटकाशी उभे राहायचे, आत यायला लाजायचे. लागेल ते हातात ठेवायचे. कोणतं विकलं, कितीला विकलं, हे त्यांनी कधीही सांगितलं नाही. जी उरली त्यांच्याच बातम्या सांगायचे. मोरी व्याली, जुळं झालं, बांडीच्या पायात काटा गेला होता तो निघाला, लांबकानी फार हूड झालीय, दुसऱ्याच्या रानात आधी शिरते. त्यांच्या अंगाला लोकरीचा वास असायचा आणि सोबतच्या मुली नाक मुरडायच्या. मला मात्र ते गेल्यावर फाटकाशी थोडा वेळ तो वास उरला आहे असं वाटायचं आणि मी तिथंच घुटमळत राहायची. वर्षामागून वर्षं विकूनही माझी मेंढरं संपली नाहीत, कारण ती वाढतही होती. शिष्यवृत्तीला मुदत असते, नूतनीकरण असतं, गुणांची अट असते. माझ्या मेंढरांना पोरं व्हायची. बी.एड. झाल्यावर मी आप्पांना म्हटलं, आता पुरे, तेव्हा ते म्हणाले, राहू दे की खांडात, कुणाच्या तरी उपेगी पडतील. त्या काळात मला वाटायचं की आपण गरीब आहोत. आज मागं बघताना वाटतं, आम्ही किती श्रीमंत होतो ते कुणालाच, अगदी आम्हालाही, सांगता आलं नसतं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी आप्पा सांगोल्याच्या एसटीनं आले. त्यांना शेवटचं बघून सहा-सात महिने झाले होते आणि ते आणखी हलके दिसत होते. पटका तसाच, घोंगडं तसंच, पण वहाणा जाऊन प्लॅस्टिकच्या चपला आलेल्या. चहा पिताना मी विषय काढला. आप्पा, ते मेंढरांचं इचारतील, म्हटलं. घरी आले की माझीही बोली अशीच बदलते. ते म्हणाले, इचारू देत. मी आणखी काही बोलणार होते. मला सांगायचं होतं, आप्पा, या वेळी डोळे मिटू नका, हात जोडू नका, पोरीचं सगळं यावर आहे. पण ऐंशीच्या घरातल्या बापाला, तुमचा विश्वास दोन मिनिटं बाजूला ठेवा, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? रेश्मानं मात्र त्यांच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, आजा, सांगशील न्हवं? ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. रिक्षात ते रस्त्याकडंच बघत होते. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो तेव्हा म्हणाले, हितं पूर्वी आमी मेंढरं घिऊन जात हुतो. मी म्हटलं, सात रस्त्यावरनं? ते म्हणाले, व्हय, आन पोलीस हात करून गाड्या थांबवायचा. हे मला ठाऊक नव्हतं. मी इतकी वर्षं त्या चौकातून जाते आणि मला कधी तिथं एकही मेंढरू दिसलं नव्हतं.

समितीत तिघं होते. मधले पांढऱ्या शर्टातले वृद्ध गृहस्थ, बहुधा ट्रस्टच्या घराण्यातलेच, फार मृदू बोलत होते. त्यांनी रेश्माला दोन प्रश्न विचारले आणि ती घडाघडा बोलली. गावातल्या कंबर धरलेल्या बायांबद्दल, ओझी वाहून वाकलेल्या पाठींबद्दल बोलली, आणि मला तिचा अभिमान वाटला. मग ते आप्पांकडं वळले. आजोबा, बसायला नीट आहे ना? आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले होते. जमीन? आप्पांनी सांगितली. विहीर? सांगितली. शरणम्मा मॅडम कोपऱ्यात संगणकापाशी बोटं उचलून थांबल्या होत्या. गृहस्थ म्हणाले, आणि मेंढरं किती आहेत आपली? मी टेबलाखाली दोन्ही हात घट्ट धरले. मला आप्पांचे मिटणारे डोळे दिसले, जोडलेले हात दिसले, रेश्मा त्या स्थळाच्या घरी भाकरी थापताना दिसली. आणि आप्पांनी आकडा सांगितला.

एसटीची वेळ सांगावी तसा सांगितला. डोळे उघडे, हात मांडीवर. एक छोटासा आकडा, दोन हातांच्या पेरांवर मावेल एवढा. तो मी इथं लिहिणार नाही. कोपऱ्यात दोन कळा दाबल्याचा आवाज झाला, टक, टक. तीस वर्षांपूर्वी मी ज्यासाठी रुसले होते तेच तर आता झालं होतं, आणि मला उठून त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा असं वाटलं. खरं सांगते, त्या घटकेला मला रेश्माची जागा नको होती, मिरज नको होतं, काही नको होतं. मला फक्त त्यांनी डोळे मिटून म्हणायला हवं होतं, लई हायत. त्यांनी पुन्हा एकदा सगळं घालवायला हवं होतं. गृहस्थांनी मान हलवली, बाजूच्या बाईंशी काही बोलले आणि म्हणाले, मुलीला मदत मिळेल, आजोबा, शिक्षण पूर्ण होईपर्यंत मिळेल, काळजी करू नका. रेश्मानं माझा दंड इतका जोरात दाबला की तिची नखं रुतली. ती रडत होती. मीही रडत होते, आणि सगळ्यांना वाटलं की दोघी एकाच गोष्टीसाठी रडतायत.

खाली उतरल्यावर समोरच्या टपरीवर चहा घेतला. रेश्मा थोडी लांब जाऊन बिभीषणला फोनवर सांगत होती, मधेच हसत होती. गल्लीत कापडाचे तागे घेऊन हातगाडे चालले होते. मी आप्पांना विचारलं, बाकीची कुटं गेली? त्यांनी सांगितलं, सावकाश, तक्रार न करता. रानं राहिली नाहीत, जिकडं तिकडं डाळिंबाच्या बागा आणि त्यांना तारा. बिभीषण एकटा किती फिरणार. गेल्या साली रोग आला. ज्ञानबाच्या पोरांनी तर वाघरच विकून टाकली. मी ऐकत होते, पण मला जे विचारायचं होतं ते हे नव्हतं. शेवटी विचारलं. "आप्पा, तुमी आकडा कसा काय सांगितला?"

त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि माझ्याकडं पाहिलं, लहानपणी मी काही अगदी सोपं न कळून विचारलं की पाहायचे तसं.

"आगं, तवा मोजाया येत नव्हती," ते म्हणाले. "आता येत्यात."